चुन्याची दोन मापं

बोम्मा गौडाने पोफळीवर चढणं सोडलं असतं तर निम्म्या बाळेगारने डोक्याला हात लावला असता. कोनेगौडा म्हणावा असा गावात तो एकटाच उरला होता. म्हणजे पायात फास अडकवून पन्नास फूट सरळसोट झाडावर चढणारा, शेंड्याला बसायची फळी टांगून घडांवर औषध मारणारा आणि खाली न उतरता शेजारचं झाड ओढून घेऊन त्याच्यावर जाणारा माणूस. पूर्वी असे अकरा जण होते. काही म्हातारे झाले, दोघं पडले, बाकीच्यांची मुलं बंगळूरला नाहीतर गोव्याला गेली. बोम्माचा मुलगाही गोव्यात एका हॉटेलात होता. तिथे तो लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाई, तेवढीच त्याची चढाई.

बोम्मा सत्तावन्नचा होता. उन्हाळ्यात चढायचं त्याला अजूनही काही वाटत नसे, कोरडं खोड पायाला धरतं. पण कोळेरोग काही उन्हाळ्यात येत नाही. तो येतो भर पावसात, घडांमध्ये पाणी साचलं की. हिरव्या सुपारीवर पांढरी बुरशी धरते, सुपारी कुजते आणि झाडाखाली सडा पडतो. म्हणून पावसाच्या तोंडावर एकदा, दीड महिन्याने पुन्हा आणि पाऊस लांबला तर तिसऱ्यांदा, असं मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारायचं. पहिल्या खेपेचं दुःख नव्हतं. पुढच्या दोन खेपा मात्र शेवाळलेल्या खोडावर, पावसाने मेहेरबानी करून दिलेल्या दोन-चार तासांच्या उघडिपीत. गेल्या वर्षी दुसऱ्या खेपेला त्याचा पाय सुटला आणि तो पंधरा फूट छातीने खोड घासत खाली आला. त्याची बायको सोमी खाली पंपापाशी होती. तिने त्याच्या सोललेल्या छातीला हळद लावली आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

खरं सांगायचं तर तो पडल्यामुळे घाबरला नव्हता. तो थकला होता. आभाळ भरून आलं की पूर्वी त्याला बागेची काळजी वाटायची, आता स्वतःच्या गुडघ्यांची वाटायची. म्हणून यंदा मेडमचं औषध आलं तेव्हा ते लागू पडावं असं त्याच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. खुद्द मेडमलाही नसेल.

मेडम म्हणजे सिंचना. शिरसीकडच्या एका संशोधन केंद्रात होती, पण माहेर रायचूरचं, ज्वारीच्या मुलखातलं. वय तिशीचं, चष्मा सतत घसरलेला. बागायतदार सुब्राय हेगड्यांच्या ओसरीवर बसून तिने समजावून सांगितलं होतं, की या बाटलीत तांब्याचे कण आहेत, इतके बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत हजार मावतील. निळं पाणी घडावर नुसतं थर देऊन बसतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. हे कण सुपारीच्या सालीवरच्या बारीक खाचांत शिरून बसतात, सहसा निघत नाहीत. मेच्या शेवटी एकदा मारलं की सगळा पावसाळा निघावा. ‘निघावा’ या शब्दावर तिचा जोर होता, पण बोम्माच्या कानात राहिलं ते ‘एकदा’.

हेगड्यांनी दोनशे झाडं प्रयोगाला दिली. बाकी बागेला नेहमीचं निळं. त्यांनी बोम्माला शब्दही दिला, की हे चाललं तर पुढच्या वर्षीपासून सगळ्या बागेला हेच मारायचं. “तू मेमध्ये एकदा चढ, आणि पावसाळाभर चुलीपाशी बसून पेज पी. सोमीच्या शिव्या खात.” हेगड्यांनी एक केलं की गाव दुसरं करत नाही, हे बोम्माला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना त्याने सोमीला सांगितलं, आणि सोमी पुष्कळ दिवसांनी त्याच्याकडे बघून हसली.

आता कोयतीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

निळ्या पाण्यात चुना कमी पडला तर ते पाणी घड जाळतं. चुना पुरेसा आहे की नाही, हे ओळखायची रीत बोम्माला त्याच्या बापाने शिकवली होती. कमरेची कोयती औषधात बुडवायची. पातं तांबूस होऊन वर आलं तर चुना कमी आहे. मग चुन्याचं माप घालायचं, ढवळायचं, पुन्हा बुडवायचं, पातं स्वच्छ निघेपर्यंत. बाप म्हणायचा, कोयती बुडवल्याशिवाय चढलास तर माझं नाव सांगू नकोस. चाळीस वर्षांत बोम्माच्या हातून एक घड जळला नव्हता. लोक त्याला त्याच्या चढण्यासाठी बोलवत तसंच त्या कोयतीसाठीही बोलवत.

मेअखेरीच्या त्या सकाळी पहिलं पिंप मेडमने स्वतः कालवलं. पाणी लालसर तपकिरी झालं, पातळ काढ्यासारखं. बोम्माचा हात सवयीने कमरेकडे गेला, पण मेडम शेजारीच उभी होती आणि तिच्यासमोर तिचं औषध तपासायचं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असं दिसलं असतं. त्याला संकोच वाटला. तो तसाच चढला आणि दुपारपर्यंत न्याहारी न करता घराबाहेर पडल्यासारखा अस्वस्थ राहिला. वरच्या टप्प्यावरची नव्वद झाडं झाली. घडांवर निळं काहीच दिसत नव्हतं. खालून मान वर करून हेगडे म्हणाले, “मारलंस की नुसता वाऱ्यावर बसून आलास?”

दुपारी मेडमला फोन आला. पलीकडच्या गावातल्या बागेत पंप बिघडला होता, तिला जावं लागलं. दुसऱ्या पिंपाची बाटली तिने सोमीच्या हातात दिली, पाणी कुठवर भरायचं त्याची खूण करून दिली, नीट ढवळा म्हणाली आणि गेली.

खालच्या टप्प्यावर ओढ्याकाठची एकशेदहा झाडं राहिली होती. सोमीने पिंप कालवलं. आता बघायला कुणी नव्हतं. बोम्माने कोयती काढली, बुडवली आणि वर घेतली. पातं टोकापासून मुठीपर्यंत लाल होतं. इतकं लाल पातं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

हे पाणी घड जाळणार, आणि जळले की हेगडे म्हणणार हे औषध नको. सकाळच्या नव्वद झाडांचं आता काही करता येत नव्हतं, पण ही एकशेदहा तर वाचवता येतील. बाकीच्या बागेसाठी भिजवलेला चुना शेजारच्या घमेल्यात तयारच होता. त्याने एक माप घातलं. पातं अजून लाल. दुसरं घातलं, ढवळलं, तंबाखूची चिमूट मळून होईस्तोवर थांबला. आता पातं स्वच्छ निघालं.

“मेडमनी सांगितलंय का घालायला?” सोमीने विचारलं.

“मेडम ज्वारीच्या मुलखातली. तिला काय माहीत पोफळ म्हणजे काय ते.”

सोमी पंपाकडे वळली. ती जेव्हा बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं नसतं, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. पण तो फास घेऊन निघाला होता. त्या दुपारी पंपाचं तोंड दोनदा तुंबलं. सकाळी एकदाही तुंबलं नव्हतं. घडांवर मात्र पांढरे ठिपके उमटले आणि ते बघून त्याला बरं वाटलं. मारल्यासारखं दिसत तरी होतं.

जुलैत तीन आठवडे सूर्य दिसला नाही. उरलेल्या बागेची निळ्याची दुसरी खेप बोम्माने दीड दिवसाच्या उघडिपीत कशीबशी उरकली. प्रयोगाच्या दोनशे झाडांना हात लावायचा नव्हता. एका सकाळी ओढ्याकाठून जाताना त्याच्या पायाखाली पहिली सुपारी आली. उचलून पाहिली तर देठापाशी काळपट डाग आणि त्यावर पांढरं. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस होत्या. आठवड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. वरच्या टप्प्यावर काही नव्हतं.

बोम्माला पहिल्या दिवशीच कळलं. चुना चुकला हे त्याने स्वतःला कबूल केलं नाही, पण ती वाट मात्र सोडली. घरी जायला तो लांबच्या वाटेने वळसा घालून जाऊ लागला.

मेडम आली ती पायाला जळवांसाठी मीठ-तेल चोळून, छत्री मानेत धरून. दोन दिवस ती वाकून गळलेल्या सुपाऱ्या मोजत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हेगड्यांच्या ओसरीवर बसली. पुढ्यात धण्या-जिऱ्याच्या कषायाचा पेला निवत होता. बोम्मा आणि सोमी पायरीवर होते, सोमी पोफळीच्या गळलेल्या झावळीतून केरसुणीच्या काड्या सोलत होती. मेडमने वही मिटली आणि सांगितलं, की सोमवारी अहवाल पाठवते. वरचा टप्पा उंचावर, वाऱ्याचा. तिथे रोग तसाही फारसा येत नाही. खाली जिथे रोग खरोखर येतो तिथे औषध टिकलं नाही. म्हणजे औषध नापास. प्रयोग इथेच बंद होईल.

“चार वर्षं लागली होती ते तयार करायला,” ती म्हणाली. रडली वगैरे नाही. चष्मा काढून पुसत बसली, बराच वेळ, स्वच्छ झाल्यावरही.

हेगडे मनाने चांगले होते. ते म्हणाले, मेडम, मनाला लावून घेऊ नका, आमच्या आजोबांच्या काळापासून निळंच चालत आलंय. मग पानाला चुना लावता लावता बोम्माकडे वळले. “उघडीप मिळाली की खालच्या टप्प्याला निळं मारून घे रे. निदान निम्मं तरी वाचेल.”

बोम्माने मान हलवली. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. सोमी मेली तरी सांगणार नव्हती. त्याचं नाव राहिलं असतं, बापाची कोयती राहिली असती. आणि दर पावसाळ्यात दुसरी खेप, तिसरी खेप, हिरवं बुळबुळीत खोड, असं एक दिवस पाय कायमचा सुटेपर्यंत. सांगितलं तर औषधाला कदाचित आणखी एक संधी मिळाली असती. पण मग बाळेगारमध्ये म्हटलं गेलं असतं, की बोम्माने न विचारता दुसऱ्याचं औषध नासवलं, चार वर्षांची मेहनत पाण्यात घातली. ज्या हाताने एक घड जळला नाही, त्याच हाताने एकशेदहा झाडं कुजवली.

सोमीने काडी सोलायची थांबवली. त्याच्याकडे न बघता, हळूच म्हणाली, “मला खाली उभं राहून वर बघायचा कंटाळा आलाय.”

एवढंच. बोम्मा उठून उभा राहिला.

“मेडम, खालच्या टप्प्याच्या पिंपात मी चुना घातला होता.”

मेडमने चष्मा डोळ्यांवर चढवला. “काय घातलं होतं?”

“चुना. दोन मापं. कोयती लाल निघाली म्हणून.”

त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बापाची रीत, सकाळचा संकोच, लाल पातं. सांगताना त्याची नजर जमिनीवरून उठली नाही. मेडम ऐकत राहिली. मग तिने अगदी हळू, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, “बोम्मण्णा, ते लाल म्हणजे औषधाचाच रंग. तांब्याचा. तुम्ही लाकूड बुडवलं असतं तरी लालच निघालं असतं.”

“मग नंतर स्वच्छ कसं निघालं?”

“चुन्याने कण एकमेकांना चिकटले. गोळे होऊन तळाशी बसले. वर उरलं ते चुन्याचं पाणी. तुम्ही झाडांवर चुन्याचं पाणी मारलंत.”

पंपाचं तोंड का तुंबलं तेही बोम्माला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं कोयती खोटं बोलली नव्हती. आताही ती खोटं बोलली नव्हतीच, फक्त त्याने तिला भलत्याच गोष्टीबद्दल विचारलं होतं. त्याला कोयतीचा राग आला नाही आणि स्वतःचाही आला नाही. सगळं अंग शिणून गेलं, अख्खी बाग चढून उतरल्यावर शिणतं तसं.

हेगड्यांचं पान हातातच राहिलं होतं. बोम्मा त्यांच्या बोलण्याची वाट बघत होता. ते चिडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“मी पांढरे ठिपके पाहिले होते,” हेगडे म्हणाले. “त्याच दिवशी, संध्याकाळी. म्हटलं, हे काहीतरी वेगळं दिसतंय. पण बरं वाटलं मला. औषध दिसलं म्हणून बरं वाटलं. म्हणून विचारलं नाही.” मग म्हणाले, “मी असतो तरी घातला असता चुना. तू दोन मापं घातलीस, मी तीन घातली असती.”

मेडमला हसू आलं. त्या हसण्यात काही आनंद नव्हता. “मीही बाटलीवर लिहिलं नाही, की यात काही घालू नका. असं कुणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे कुणी करत नाही.”

“मग औषध चांगलंय?” बोम्माने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धुगधुगी आली.

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वर रोग नव्हता आणि खाली औषध नव्हतं.”

तिने वही पुन्हा उघडली. खालच्या टप्प्याच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं. बोम्माचं नाव तिने लिहिलं नाही, हे त्याला नंतर हेगड्यांकडून कळलं. ती म्हणाली, की साहेबांना सांगून आणखी एक वर्ष मागते. देतील बहुतेक, पण अटी घालतील. हीच बाग लागेल, हीच झाडं लागतील. ओढ्याकाठच्या निम्म्या झाडांना हे औषध एकदा आणि शेजारच्या निम्म्यांना निळं तीनदा, म्हणजे दोन्हींची तुलना होईल. “आणि चढणारा माणूसही एकच हवा,” ती चाचरत म्हणाली. “माणूस बदलला तर फरक औषधाचा की हाताचा, ते कळत नाही.”

“निळं तीनदा म्हणजे भर पावसात,” सोमी म्हणाली.

“हो. पावसात.”

पावसात चढणं सुटावं म्हणून आणखी एक अख्खा पावसाळा चढायचा होता, आणि तोही औषध खरोखर चांगलं निघालं तर. नाही निघालं तर मग काहीच नाही. बोम्माने सोमीकडे पाहिलं. सोमीने सोललेल्या काड्यांची जुडी बांधली, गाठ दोनदा आवळली.

“चढतील,” ती मेडमला म्हणाली. “पण पिंपापाशी मी बसणार. आणि कोयती माझ्याकडे राहणार.”

हेगडे एवढ्यात अंगणात जाऊन आभाळ बघून आले होते. पश्चिमेकडे फिकं झालं होतं, दुपारपर्यंत तरी पाऊस येणार नाही असं दिसत होतं. खालच्या टप्प्यावर जे वाचवायचं ते आजच वाचवायला हवं होतं. मोरचूद भिजत घातलेला होताच. सोमीने पिंप कालवलं, मेडमनेच पाण्याची घागर ओतली. निळं निळं, ओळखीचं पाणी. बोम्माने कोयती बुडवली, पातं स्वच्छ निघालं. त्याने ती धोतराला पुसली आणि, अजून वर्षभर अवकाश होता तरी, सोमीच्या हातात दिली.

पहिल्याच झाडाचं खोड हिरवंगार होतं. त्याने पायात फास चढवला, नळी कमरेला बांधली आणि छाती खोडाला टेकवली. गेल्या वर्षीच्या खरचटल्याचे व्रण तिथे होते, ते बरोबर खोडाला लागले. तो चढू लागला. दर दोन हातांवर थांबून श्वास घेत होता. पूर्वी शेंड्याला गेल्यावर थांबायचा.

शेंडा पानांत दडलेला असतो, खालून माणूस दिसत नाही. म्हणून चढणारा आणि खालचा एकमेकांना आवाज देतात. सोमीने हाक दिली. वरून उत्तर आलं नाही. मेडम तिच्याकडे बघू लागली. सोमीने दुसऱ्यांदा हाक दिली, या वेळी जरा मोठ्याने, आणि पंपाच्या दांड्यावरचा हात काढून घेतला.

“आहे,” वरून बोम्मा म्हणाला. दम लागला होता. औषधाचा निळा फवारा पानांतून खाली उतरू लागला. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “एक झालं. एकशेनऊ राहिली.”